हा लाँग बेचा विरस टाळायचा असेल तर

व्हिएतनामची दोन लाख डोंगची तांबूस नोट उलटी करून पाहा. शांत समुद्रातून वर आलेला चुनखडीचा एक सुळका दिसेल, धूपदाणीच्या आकाराचा. हनोईजवळच्या समुद्रातल्या ‘हा लाँग बे’ या उपसागराला निघालेल्या माणसाच्या मनात हेच चित्र असतं: हिरवट पाणी, सुळके, आणि आपली एकटीच बोट. प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला धुकं येतं, गुहेच्या पायऱ्यांवर रांग येते, आणि रात्री हनोईला परतताना ‘एवढ्यासाठी आलो का?’ असा प्रश्न पडतो.

जागेत काही खोट नाही. १९९४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे सोळाशेच्या आसपास लहानमोठी बेटं आहेत. चूक बहुतेकदा बुकिंग करतानाच झालेली असते.

तासांचा हिशेब

हनोईच्या जुन्या भागातून एक दिवसाची सहल सकाळी आठच्या सुमारास निघते आणि रात्री आठ-साडेआठला परत आणून सोडते. बारा तास ऐकायला भरपूर वाटतात. आता वजाबाकी करा. द्रुतगती मार्गाने गेलात तरी जाण्यायेण्याचे पाच तास. वाटेत मोत्यांच्या किंवा हस्तकलेच्या मोठ्या दुकानापाशी अर्धा-अर्धा तास गाडी थांबते. धक्क्यावर तिकीट आणि बोटीची वाट पाहण्यात आणखी थोडा वेळ जातो. पाण्यावर उरतात जेमतेम पाच तास, आणि त्यातच जेवण, सुंग सोट गुहा, ती तोप बेट आणि कयाक. कयाक हातात मिळते ती अर्धा-पाऊण तास.

गर्दीचं मूळही इथेच आहे. सगळ्या गाड्या हनोईहून एकाच वेळी निघतात, म्हणून सगळ्या बोटी एकाच वेळी त्याच गुहेपाशी पोचतात. ती तोपच्या माथ्यावर जायला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. दुपारी तिथे माणसामागे माणूस असतो आणि वर फोटोसाठी जागा मिळत नाही.

‘दोन दिवस, एक रात्र’ यालाही भुलू नका. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढायचं, दुसऱ्या दिवशी साडेनऊ-दहाला खोली रिकामी करायची आणि दुपारपर्यंत धक्क्यावर उतरायचं. हिशेब चोवीस तासांच्या आतच येतो आणि त्यातली रात्र झोपेत जाते. तरीही एका दिवसाच्या सहलीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण संध्याकाळ आणि पहाट पाण्यावर मिळते. दिवसाच्या बोटी निघून गेल्यावर बे खरोखर शांत होतो.

कुठलं पाणी

त्याच सुळक्यांचे तीन भाग आहेत. मधला हा लाँग बे सगळ्यात गजबजलेला. ईशान्येला बाय तू लाँग, तिथे बोटी कमी. दक्षिणेला काट बा बेटाला लागून लान हा बे, तो हाय फाँग शहराच्या हद्दीत येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये काट बा द्वीपसमूहही जागतिक वारशात जोडला गेला. सुळके तेच आणि चुनखडीही तीच. लान हाला मात्र छोटे पांढरे किनारे जास्त आहेत आणि पोहायला, कयाक चालवायला मोकळं पाणी मिळतं.

पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्याने काट बाला मुक्काम करावा, हा आमचा स्पष्ट सल्ला. हनोईहून बस आणि बोट जोडून मिळणारं एकच तिकीट घ्या. हॉटेलपासून काट बा गावापर्यंत साधारण चार तास लागतात. दोन रात्री राहा. सकाळी बेन बेओ धक्क्यावरून दिवसाची बोट पकडा. हनोईचा प्रवास मधे नसल्यामुळे तो अख्खा दिवस पाण्यावर जातो आणि पैसेही हनोईच्या सहलीपेक्षा कमी पडतात. दुसऱ्या दिवशी काट बाच्या राष्ट्रीय उद्यानात चढाई करा, किंवा गावाच्या डोक्यावरच्या तोफांच्या किल्ल्यावर संध्याकाळी जा. तिथून लान हाचे सुळके पायाखाली पसरलेले दिसतात.

‘तरंगतं गाव’ पाहण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायच्या आधी एवढं लक्षात घ्या: हा लाँगमधल्या तरंगत्या गावांतली बहुतेक कुटुंबं २०१४ च्या सुमारास किनाऱ्यावर वसवण्यात आली. आता तिथे दिसतं ते बरंचसं पर्यटकांसाठी राखलेलं आहे. मासेमारीचं जितंजागतं जीवन पाहायचं असेल तर काट बाच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला जाऊन उभे राहा.

महिना

ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला जाऊन एकही पॉइंट न दिसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत इथे दिवसेंदिवस बारीक भुरभुर आणि धुकं असतं. उत्तरेकडून येणारी थंड हवा समुद्रावरून येताना ओल धरते आणि किनाऱ्यावर तिचा असा पडदा होतो. सुळके राखाडी छायाचित्रासारखे दिसतात. कोणाला तेही आवडतं, पण निळं-हिरवं पाणी मनात धरून गेलात तर हिरमोड ठरलेला. जून ते सप्टेंबर ऊन कडक, आणि वादळांचा काळ. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळ नेमकं याच किनाऱ्यावर धडकलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगले, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोबर बसते. एप्रिलही चालतो. मात्र ३० एप्रिल आणि १ मे या दोन्ही दिवशी व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. महाराष्ट्र दिनाला जोडून रजा टाकणारे नेमके त्याच गर्दीत सापडतात. त्या आठवड्यात काट बाच्या हॉटेलांचे दर चढतात आणि बोटी भरलेल्या असतात. दोन-चार दिवस पुढे-मागे करा.

पैसे देण्याआधी काय विचारायचं

तोंडी नको, लेखी विचारा. बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते आणि रात्री नांगर कुठे टाकते? हा लाँगमध्ये की लान हामध्ये? ‘हा लाँग’ नावावर काहीही विकलं जातं, म्हणून हा प्रश्न पहिला. खोली कुठल्या मजल्यावर आहे? जनरेटर सहसा मागच्या बाजूला आणि खाली असतो. खालच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत रात्रभर पलंग थरथरतो, त्यामुळे वरची, पुढची खोली मागा. वाटेत दुकानापाशी गाडी किती वेळ थांबणार? कयाक दरात धरलेली आहे की वेगळे पैसे? हवामानामुळे फेरी रद्द झाली तर किती पैसे परत? हनोईत गाजलेल्या बोटींच्या नावाशी मिळतीजुळती नावं लावलेली दुकानं आहेत, म्हणून नावाचं अक्षर न् अक्षर आणि बोटीचा फोटो ताडून पाहा.

रोख देताना नोटा उजेडात मोजा. वीस हजार आणि पाच लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळसर असतात. संध्याकाळी घाईत वीस हजारांच्या जागी पाच लाख गेले तर पंचवीसपट भुर्दंड.

शाकाहारी असाल तर

बोटीवरचं जेवण म्हणजे मासे, कोळंबी, शिंपले. ‘व्हेज’ सांगितलं की भाजी येते, पण तिच्यात नुओक माम, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, बहुधा असतंच, कारण तिथे ते मिठाच्या जागी वापरतात. योग्य शब्द आहे ‘आन चाय’: बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. पारंपरिक चाय जेवणात कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन मंडळींनाही तो उपयोगी. व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून उच्चारावर विसंबू नका. ‘आन चाय, नुओक माम नको, अंडं नको’ हे व्हिएतनामी लिपीत फोनमध्ये साठवून दाखवा. बुकिंगच्या वेळी एकदा आणि बोटीवर चढताच स्वयंपाकघरात पुन्हा एकदा. जेवण बंदरावरूनच भरून निघतं, आयत्या वेळी बदल होत नाही. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी असू द्या. बोटीवर भात आणि उकडलेली कोबी हमखास मिळते, त्या दोन्हींबरोबर ती छान लागते.

पाण्यावर

कोकणातल्या माणसाला दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या अंगवळणी असतात. टोंकिनच्या आखाताच्या या भागात मात्र बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी येते, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी तीन मीटरहून जास्त चढउतार करतं. बुटक्या कमानीखालून कयाक आत नेऊन चारी बाजूंनी कडे असलेल्या तळ्यात शिरायचं असेल, तर पाणी उतरलेलं लागतं. भरतीला कमानच बुजते. आत गेल्यावर पाणी चढू लागलं तर परतताना डोकं वाचवत यावं लागतं. आदल्या संध्याकाळी बोटवाल्याला ओहोटीची वेळ विचारा आणि कयाक त्या सुमारास मागा. पायात पट्ट्याच्या चपला घाला, कारण चुनखडीला चिकटलेले शिंपले ब्लेडसारखे कापतात.

लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि आपल्या जागेपासून बाहेरचं दार कोणतं, हे चढल्या-चढल्या पाहा. जुलै २०२५ मध्ये दुपारी अचानक आलेल्या वादळी पावसात इथे एक पर्यटक बोट उलटली आणि तीसहून जास्त माणसं दगावली. आभाळ काळवंडलं की जॅकेट अंगात घाला, कोणी सांगायची वाट पाहू नका.

फेरी रद्द झाली तर

वारा किंवा धुकं वाढलं की बंदर प्रशासन फेऱ्या थांबवतं. कधी हे सकाळी, गाडी वाटेत असताना कळतं. कधी मुक्कामी बोटीला रात्र न काढताच परत बोलावतात. बोटवाल्याशी भांडून उपयोग नाही, निर्णय त्याच्या हातात नसतो. पैशांचं मात्र त्याच दिवशी ठरवून घ्या. निघायच्या आधी रद्द झालं तर वाहतूक खर्च वजा करून परतावा, आणि मुक्काम कापून दिवसाची फेरी केली तर दोन्ही दरांतला फरक. तसं लेखी मागा. हनोईत परतल्यावर मागणं अवघड जातं.

आणि तो दिवस हॉटेलात घालवू नका. हनोईच्या दक्षिणेला निन्ह बिन्ह आहे, रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तिथल्या चांग आनमध्ये हेच चुनखडीचे सुळके भातशेती आणि नदीतून उभे राहिलेले दिसतात. चार जणांची वल्ह्याची नाव गुहांखालून साधारण तीन तास फिरवते. आत समुद्र नसल्यामुळे लाटांची भीती नाही आणि भुरभुर पावसात नावा चालू असतात. सकाळी आठच्या आत घाटावर पोचा. तीन मार्गांपैकी एक निवडायला सांगतात. ज्यात गुहा जास्त, तो घ्या. छत्री नको, रेनकोट न्या, कारण काही गुहांचं छत इतकं खाली येतं की नावेत वाकून बसावं लागतं.