भिंतीवरचं ध्येय कसं वाचावं

भाचीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठाण्यात कॉलेजांच्या चकरा मारताना एक सवय लागली: भिंतीवरची ‘ध्येय आणि मूल्ये’ उभ्याउभ्या वाचायची. एका ठिकाणी ‘समावेशकता’ सोनेरी अक्षरांत, आणि खाली रॅम्पवर मोडकी बाकं रचलेली!

तर असं करा. आधी पेन्सिलीनं विशेषणं खोडा. ‘जागतिक दर्जाचं’, ‘सर्वांगीण’ गेलं की क्रियापदं उरतात; प्रश्न त्यांना विचारा. ‘समाजापर्यंत पोचणे’ म्हणजे कुठे? मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र ठाण्यात बाळकुमला आहे, हे झालं ठोस उत्तर. मग महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 उघडा. कलम 4 मध्ये विद्यापीठांची उद्दिष्टं कायद्यानंच घातलीत. भिंत रंगवली म्हणून ती बदलत नाहीत. भाषा रुक्ष आहे, चहा घेऊन बसा. नॅकला, म्हणजे कॉलेजं-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला, दिलेल्या स्वयंमूल्यांकन अहवालांत सातवा निकष मूल्यांचा असतो, पुरावे तिथे शोधा.

बोधवाक्य मात्र खोडू नका. मुंबईचं आहे ‘शीलवृत्तफला विद्या’, म्हणजे विद्येचं फळ शील आणि सदाचार. मी अर्थ सांगितला, तर भाची म्हणते, “मावशी, यात प्लेसमेंट कुठेय?”