बडोद्यात बार शोधण्याआधी

दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-जळगावची नवी मुलं नोकरीला बडोद्यात येतात. कोणी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत, कोणी हालोलच्या कारखान्यांत, कोणी कोयलीच्या रिफायनरीकडे. कारेलीबागेतल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने देतो, त्यामुळे ही मुलं पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यासमोर असतात. सामान लागलं की आठवड्याभरात प्रश्न येतोच: काकू, इथे बसायला चांगली जागा कुठली?

बसायला म्हणजे कशाला ते मला कळतं. बडोद्यात बार नाही, पब नाही, बिअर शॉपी नाही. ज्या कॅफेच्या पाटीवर ‘लाउंज’ लिहिलंय तिथे मॉकटेल मिळेल. हुक्का बारही 2017 पासून राज्यात बंद आहेत.

गुजरातेत दारूबंदी आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तरी मनात असतं की बंदी कागदावरची आहे, आतून सगळं मिळतं. इथला एखादा जुना सहकारी ‘अरे, घरपोच येते’ असं सांगून या समजुतीला खतपाणी घालतो. अशा माणसापासून लांब राहा. अडचणीत आलात की तो फोन उचलणार नाही.

हा कायदा मुळात आपल्या जुन्या मुंबई राज्याचा, 1949 चा. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली. महाराष्ट्राने पुढे तो सैल केला, गुजरातने घट्ट धरला आणि 2017 मध्ये दुरुस्ती करून आणखी कडक केला. दारू बनवणं, विकणं, राज्यात आणणं यासाठी 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवान्याशिवाय जवळ बाळगणं आणि पिणं हेही गुन्हेच आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावाहून येताना बाटली आणू नका.

आमच्याकडे राहिलेला एक मुलगा नाशिकचा होता. शांत, कामसू, वेळेवर भाडं देणारा. चुलतभावाच्या लग्नाला नवी गाडी घेऊन गेला. परतताना मित्रांनी प्रेमाने डिकीत दोन बाटल्या ठेवल्या. सापुताऱ्याच्या बाजूने येताना तपासणीत गाडी थांबवली गेली. जामीन झाला, पण गाडी जप्त झाली, कारण दारू ज्या वाहनातून येते ते वाहनही मुद्देमालात जातं. गाडी कित्येक महिने पोलीस ठाण्याच्या आवारात ऊनपाऊस खात उभी होती आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला कापला जात होता. वकिलाची फी वेगळी. प्रत्येक तारखेला एक रजा. पुढे कंपनीने त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं, तेव्हा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ही केस वर आली. त्याच्या जागी दुसरा गेला. दोन बाटल्यांची ही किंमत. तो मुलगा कुणाला फसवणारा नव्हता, म्हणून मला अजून त्याचं वाईट वाटतं.

त्यामुळे पुन्हा सांगते. सील असलेली नको, अर्धी उरलेली नको, वडिलांच्या मित्राने भेट दिलेली नको. स्वतःच्या गाडीतून नको, टॅक्सीतून नको, ट्रॅव्हल्सच्या बसमधून नको, रेल्वेतून नको. खानदेशातल्या मुलांनी नवापूर लक्षात ठेवावं. त्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, एकाच फलाटावर राज्य बदलतं. भिलाड, दाहोद, छोटा उदेपूर, कुठल्याही बाजूने आलात तरी हेच. गाडी मित्राची असेल तर निघण्यापूर्वी डिकी स्वतः उघडून बघा. मित्र रागावला तर रागावू दे.

पिऊन आत येणंही तितकंच धोक्याचं. 31 डिसेंबरला दमणहून परतणाऱ्यांना वलसाडच्या पोलिसांनी नाक्यावर तपासून थेट कोठडीत नेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दमणला किंवा दीवला जायचं तर तिथेच मुक्काम करा, झोप पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी निघा. पैसेवाल्यांना कोण हात लावतो, असंही वाटून घेऊ नका. 2016 च्या डिसेंबरात बडोद्याबाहेरच्या एका फार्महाऊसवर लग्नाच्या पार्टीत छापा पडला, तेव्हा भल्याभल्यांना रक्ततपासणीसाठी रुग्णालयात नेलं होतं.

ज्याला प्यायचीच आहे त्याच्यासाठी सरळ रस्ता आहे. परवाना काढा. बाहेरच्या राज्यातून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला ओळखपत्र आणि प्रवासाचा पुरावा दाखवून परवाना मिळतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. नोकरीसाठी येऊन राहणाऱ्यांसाठी तात्पुरत्या रहिवाशाचा परवाना असतो. त्याची कागदपत्रं नशाबंदी व आबकारी खात्याच्या कार्यालयातूनच विचारून घ्या, एजंटच्या नादी लागू नका. इथल्या रहिवाशांना वयाच्या चाळिशीनंतर वैद्यकीय तपासणी करून आरोग्य परवाना मिळतो. दारू काही मोठ्या हॉटेलांतल्या परवानाधारक दुकानातून घ्यायची, महिन्याचं प्रमाण ठरलेलं असतं. आणि परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच प्यायची. खोलीतल्या बाकीच्या तिघांना त्यातून ओतलीत की तेही अडकतील आणि तुम्हीही. गिफ्ट सिटीत डिसेंबर 2023 पासून सवलत मिळाली आहे, पण ती गांधीनगरजवळच्या त्या संकुलापुरती. बडोद्याला तिचा उपयोग नाही.

घरपोच देणाऱ्यांबद्दल थोडंच सांगते. नामांकित बाटलीत काय भरलंय हे तुम्हाला कळायचा मार्ग नसतो. आणि विकणारा पकडला गेला की त्याच्या फोनमधले सगळे नंबर पोलिसांच्या हातात जातात. पोटलीतल्या गावठीला तर नजरेनेही शिवू नका. जुलै 2022 मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने चाळीसहून जास्त माणसं गेली.

आता संध्याकाळचं. माझं खरं सांगणं इथून सुरू होतं, कारण ‘बार नाही म्हणजे गावात काहीच नाही’ म्हणत वासणा-भायलीच्या फ्लॅटमध्ये दोन-दोन वर्षं मोबाइल बघत काढणारी आपली मुलं मी पाहिली आहेत. शनिवार आला की पुण्याची गाडी पकडायची, सोमवारी जांभया देत कामावर. अशा माणसाला बडोदा कधी भेटतच नाही. पुणेकरांना हे विशेष सांगते: इथल्या जुन्या मराठी घरांतलं गुजराती मिसळलेलं मराठी ऐकून हसू नका, ते सुधारायलाही जाऊ नका. ही घरं गायकवाडांच्या काळापासून इथे आहेत. तुम्ही आजारी पडलात तर मुगाची खिचडी त्यांच्याकडूनच येणार आहे.

बडोद्यात लोक बसतात ते लारीवर, ओट्यावर आणि गच्चीवर. लारी म्हणजे हातगाडी. फतेगंजला विद्यापीठाच्या पोरांची गर्दी रात्री उशिरापर्यंत असते. तिथे चहाचा एक ग्लास घेऊन तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. आमच्या कारेलीबागेत रात्री बाजार आहे, जेवण चुकलं तर तिकडे या. अंडं चालत असेल तर राजू आमलेट. लोण्यात पोहणारं असतं, रोज खाऊ नका. मांसाहारी मुलांनी एवढं ध्यानात ठेवावं की खोली घेतानाच घरमालकाला विचारायचं. लपवून शिजवलं तर वास जिन्यात येतो आणि बोलणी खावी लागतात.

शेवउसळ मात्र मिसळ समजून खाऊ नका. वाटाण्याचा रस्सा, वरून शेव, पातीचा कांदा, तरी वेगळी मागायची आणि पाव. महाकाली या शेवउसळवाल्याकडे लोक उभ्याने खातात, तिथपासून सुरुवात करा. मिसळीची फारच आठवण आली तर दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाउस आहे. तिथली पुणा मिसळ आणि कॉफी घेऊन बाजूच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐका, निम्मं मराठीत असतं. तिथून चालत सूरसागरला जाता येतं. रात्री तळ्याच्या कठड्याशी वारा असतो आणि मधे महादेवाची ती प्रचंड मूर्ती उजळलेली असते. माझ्या मते गप्पांसाठी शहरात याहून चांगली जागा नाही.

नुसतं बसून ज्यांना चैन पडत नाही त्यांच्यासाठी बॉक्स क्रिकेट आहे. जाळी लावलेली टर्फ तासावर मिळते, रात्री उशिरापर्यंत खेळतात. ऑफिसमधली मैत्री तिथे जमते हे मी वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या बाबतीत दरवेळी पाहिलंय. गाण्याची आवड असेल तर सूरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयात डोकवा. 1886 मध्ये गायक मौलाबक्षांनी सुरू केलेली ही संस्था आता विद्यापीठाचा भाग आहे. अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहातल्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. गणपतीत दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात फिरलात तर घरची आठवण थोडी कमी होईल.

आणि नवरात्रात सुट्टी घेऊन गावी पळू नका. त्या नऊ रात्री शहर झोपत नाही. मुली मध्यरात्रीनंतर ॲक्टिव्हावरून एकट्या घरी येतात, आणि हे शुद्धीत असलेल्या गर्दीमुळे शक्य होतं असं माझं ठाम मत आहे. युनायटेड वेसारखे मोठे गरबे पासवर असतात, पास आधीच काढावे लागतात, ऐन दिवशी मिळत नाहीत. चणिया-चोळी, केडियूं हे गरब्याचे पोशाख भाड्याने मिळतात. गरबा येत नसेल तर गणेशोत्सवाच्या आसपास शिकवणीचे वर्ग सुरू होतात, तिथे नाव घाला. पोलमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतल्या, छोट्या गरब्याला पास लागत नाही. फक्त चपला बाहेर काढायच्या, आणि नवख्याने बाहेरच्या वर्तुळात राहायचं म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही.