विषाणूच्या जीनोमवरून प्रथिनांचा झटपट अंदाज

विषाणूच्या जीनोमची (म्हणजे त्याच्या संपूर्ण जनुकीय साहित्याची) फक्त लांबी माहीत आहे आणि त्यात साधारण किती प्रथिने मावतील ते हवे आहे? कागदावर दोन मिनिटांचे काम आहे.

१. लांबी न्यूक्लिओटाइडमध्ये (जीनोमच्या साखळीचे एकेक घटक) घ्या. दुहेरी धाग्याचा जीनोम असेल तर बेसजोड्या (समोरासमोरच्या दोन न्यूक्लिओटाइडची एक जोडी) मोजा, त्याची दुप्पट करू नका. इथेच बहुतेकांचे गणित फसते.
२. दोन्ही टोकांचा, प्रथिन न बनवणारा भाग वजा करा.
३. ३ ने भागा, कारण तीन न्यूक्लिओटाइड मिळून एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीचा एक दुवा) ठरते. ही झाली अमिनो आम्लांची संख्या.
४. तिला ३०० ने, म्हणजे एका प्रथिनातील अंदाजे सरासरी अमिनो आम्लांनी, भागा. हा झाला प्रथिनांचा अंदाज. लांबीऐवजी प्रथिनांची वजने किलोडाल्टनमध्ये (रेणूचे वजन मोजण्याचे एकक; १ किलोडाल्टन = १,००० डाल्टन) दिली असतील तर एक अमिनो आम्ल म्हणजे सुमारे ११० डाल्टन धरा.

पोलिओ विषाणू घ्या. जीनोम सुमारे ७,४४० न्यूक्लिओटाइडचा, टोके वगळून २,२०९ अमिनो आम्ले. म्हणजे अंदाज ७ चा. प्रत्यक्षात ती एकच लांब साखळी तुटून ११ प्रथिने होतात, आणि त्यातले एक तर जेमतेम २२ अमिनो आम्लांचे! त्यामुळे साखळी तुटणाऱ्या विषाणूंत आकडा कमीच येणार, हे धरूनच चाला.

सावधान: छोट्या जीनोममध्ये जनुके एकमेकांवर चढलेली असतात. फाय-एक्स १७४ या जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूमध्ये ५,३८६ न्यूक्लिओटाइड, म्हणजे जास्तीत जास्त १,७९५ अमिनो आम्लांची जागा. पण त्याच्या ११ प्रथिनांची बेरीज २,३०० च्या वर जाते. तेव्हा ५-६ हजारांखालच्या जीनोमला हा आकडा किमान समजा आणि सर्व वाचनचौकटी (तीन-तीनचे गट कुठून सुरू करून वाचायचे, त्या वेगवेगळ्या पद्धती) तपासा.