मशीनने मुतखडा फोडून घेताय? या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि त्या उकाड्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर उभा राहणारा माणूस तांब्याभर पाण्यावर पाळी काढतो. त्यामुळे लिथोट्रिप्सीच्या, म्हणजे मुतखडा फोडण्याच्या, यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला रुग्णांची वाट पाहावी लागत नाही. खडे नाना तऱ्हेचे येतात. चुका मात्र ठरावीकच असतात.

पहिली चूक नावापासूनच सुरू होते. निम्मे लोक या उपचाराला ‘लेझर’ म्हणतात. लेझरचा तंतू दुर्बिणीतून आत न्यावा लागतो. येथे आघातलहरी शरीराबाहेर निर्माण होतात, खड्यावर केंद्रित होतात आणि त्याचे तुकडे करतात. डॉर्निअर या विमाने बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या संशोधनातून हे यंत्र जन्मले आणि १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर वापरले गेले. कापाकापी नाही, म्हणून प्रत्येक खड्यासाठी हेच हवे असा हट्ट धरणारे पुष्कळ भेटतात. मूत्रपिंडातील खडा साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, तळच्या कप्प्यात अडकलेला असेल किंवा सीटी स्कॅनमध्ये त्याची घनता १००० हाउन्सफील्ड एककांच्या वर दिसत असेल, तर डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतात. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लपवू नका, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंदही करू नका. ‘बीपीची एक गोळी आहे’ एवढ्या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. घरातील गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी टेबलावर ओतायला लावतो. गर्भारपणात हा उपचार करत नाहीत, आणि लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो.

आता आमच्याच बाजूच्या चुकांविषयी. नवे तंत्रज्ञ त्वचेवर जेल तळहाताने चोळून पसरवतात, जणू उटणे लावत आहेत. त्या चोळण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि लहरींचा जोर खड्यापर्यंत पोहोचण्याआधीच तेथे कमी होतो. मी मोठ्या तोंडाच्या बाटलीतून जेलचा ढीग एकाच जागी ओततो आणि यंत्राची पाण्याची गादी त्यावर दाबून त्याला आपोआप पसरू देतो. यात जेल जास्त लागते आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली आहेत, पण ही सवय मी सोडलेली नाही.

दुसरा मोह वेगाचा. ३००० आघात मिनिटाला ६० या गतीने दिले तर पन्नास मिनिटे लागतात, १२० ने दिले तर पंचवीस. बाहेर रांग असली की नवशिक्याचा हात बटणाकडे जातो. सावकाश दिलेल्या आघातांनी खडा अधिक चांगला फुटतो आणि मूत्रपिंडाला इजाही कमी होते. जोरही कमी ठेवून सुरुवात करायची आणि पायरीपायरीने वाढवायचा. ‘साहेब, एकदाच जोरात मारा आणि मोकळे करा’ असे सांगणाऱ्या रुग्णाला मी फक्त स्थिर पडून राहायला सांगतो, कारण तो हलला की खडा नेमातून सुटतो.

मात्र सर्वांत महागात पडणारी चूक घरी गेल्यानंतर होते. लहरी खडा फोडतात, बाहेर काढत नाहीत. ते काम पाण्याचे आणि दिवसांचे असते. काही वर्षांपूर्वी टॉवेलच्या कारखान्यातील एक मालक-कामगार आमच्याकडे आले होते. खडा बऱ्यापैकी मोठा होता, म्हणून तुकड्यांनी वाट अडू नये यासाठी डॉक्टरांनी आधीच डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीतील नळी, घातली होती. तीन बैठकांत खड्याचा भुगा झाला, कळ थांबली आणि ते दिसेनासे झाले. दोन वर्षांनी लघवीतून रक्त जाते म्हणून परतले, तेव्हा नळी तशीच आत होती, आणि दोऱ्यावर खडीसाखर धरावी तसे तिच्या दोन्ही टोकांवर खडे धरले होते. खालून दुर्बीण घालावी लागली आणि पाठीतून छेदही द्यावा लागला. जे टाळण्यासाठी ते मशीनवर आले होते, ते सगळे त्यांच्या वाट्याला आलेच. त्यांना दोष देणे सोपे होते. पण नळी काढण्याची तारीख आम्ही कार्डावर इंग्रजीत लिहिली होती आणि त्यांच्या घरात ते वाचणारे कोणी नव्हते. तेव्हापासून मी एक्स-रेच्या पाकिटावर जाड पेनाने मराठीत लिहितो आणि तोंडीही सणाशी जोडून सांगतो: ‘गड्ड्याच्या जत्रेआधी नळी निघाली पाहिजे.’ तारीख विसरणारा सोलापूरकर सिद्धेश्वराची ही गड्डा यात्रा विसरत नाही.

एक-दोन दिवस लघवी लालसर होणे अपेक्षित असते. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, कारण अडलेल्या वाटेमागे संसर्ग झाला तर जिवावर बेतू शकते. दुखणे थांबले म्हणून पुढची सोनोग्राफी किंवा एक्स-रे टाळू नये. उरलेला तुकडा पुन्हा वाढू शकतो.

आहाराबाबत तर उलटाच कारभार दिसतो. कॅल्शियमचा खडा ऐकला की लोक दूध लगेच सोडतात, आणि शेंगाचटणी कमी करा म्हटले की चेहरा उतरतो. वास्तविक जेवणातील कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या अन्नातील घटकाला, आतड्यातच धरून ठेवते, म्हणून दूध-ताक बेताने चालू ठेवावे. ऑक्झलेट असते ते शेंगदाण्यात. अर्थात खडा कशाचा होता हे कळल्याशिवाय पथ्य ठरवणे अंदाजपंचेच असते. त्यासाठी लघवी गाळून घ्यावी, सापडलेले तुकडे कोरड्या डबीत ठेवावेत आणि तपासणीसाठी आणावेत. गाळायला वेगळी गाळणी घ्या, चहाची नको. घरच्यांची ही तक्रार माझ्यापर्यंत आलेली आहे.