ब्रिटिश लोकगीतांचा अल्बम आणि त्यातली गिटार नीट कशी ऐकायची, सोलापुरातल्या दोस्तांसाठी

इंग्लिश लोकगायक आणि गिटारवादक निक जोन्स यांचा 'पेंग्विन एग्ज' घ्या. १९८० मध्ये टॉपिक रेकॉर्ड्सनं काढलेला, नऊ ट्रॅकचा अल्बम आहे, आणि अकूस्टिक गिटार घेऊन जुनी गाणी कशी गायची हे ऐकायचं असेल तर माझ्या मते यापुढं दुसरं काही नाही. पण पहिल्या ट्रॅकपासून सुरू करू नका. आधी 'प्लँक्स्टी डेव्हिस' लावा, त्यात शब्दच नाहीत, त्यामुळं कान आपोआप तारांकडं जातोय. आपल्याला सवय काय, की गाणारा पुढं आणि पेटी-तबला मागं साथीला, आणि त्याच कानानं हे ऐकलं की गिटार नुसती मागं वाजत राहते आणि दोन गाण्यांत कंटाळा येतो.

ऐकायची तयारी आधी सांगतो. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते आणि असली लोकगीतं वाजवणारी मंडळी कित्येकदा ती अजून खाली उतरवतात, तेवढा खालचा आवाज फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून नीट निघतच नाही, म्हणजे अंगठ्याचं अर्धं काम तिथंच गायब. साधे वायरचे इअरफोन चालतील, महागाचे पाहिजेत असं काही नाही. ॲपमध्ये ऑडिओ क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा, शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) बंद, आणि बास बूस्ट तर आधी बंद करा, कारण त्यानं जाड तारा फुगतात आणि बारीक तारांवरची चाल दबून जाते.

आणि वेळ बघून बसा. पूर्व भागात घर असेल तर दिवसभर मागाचा खडखडाट, मे महिन्यात कूलर बंद करायची सोय नाही, गड्डा जत्रेच्या दिवसांत तर बोलायलाच नको. पहाटे पाच-साडेपाचला गच्चीवर जा, थोडं गार असतंय आणि शांत पण.

आता खरं काम. ह्या वादनाला फिंगरपिकिंग म्हणतात, पत्ती घेऊन खसाखस वाजवायचं नाही, उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. पहिल्या वेळी फक्त अंगठा ऐका. गाणं काय म्हणतंय, आवाज कसाय, सगळं सोडा, खालच्या तारेवर ठोका कुठं पडतोय तेवढंच धरून बसा. एकदा तो सापडला की वरची बोटं त्याच्या मधल्या जागेत कशी घुसतात ते आपोआप कळतंय, आणि हे सगळं एकाच हातानं चाललंय यावर विश्वास बसत नाही. जोन्स यांच्या वादनात अजून एक गोष्ट आहे, मधेमधे एक कोरडा 'टक्' असा आवाज येतो. तो ढोल-बिल नाही, ते उजवा हात तारांवर आपटून ताल देतात. तो टक् शोधाच, ह्या अल्बमची निम्मी मजा त्यात आहे.

तानपुऱ्याजवळ बसलेल्या माणसाला पुढची गोष्ट पटकन कळेल. ही मंडळी गिटार नेहमीसारखी लावत नाहीत, तारा उतरवून वेगळ्या सुरांत लावतात. त्यातली एक पद्धत डॅडगॅड, म्हणजे डी ए डी जी ए डी, ती गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य ऐकून आल्यावर रुळवली. डी ला सा धरा, तर मोकळ्या तारा झाल्या सा प सा म प सा. म्हणजे डावं बोट कुठंही न ठेवता मागं षड्ज-पंचम भरून राहतो आणि त्याच्यावर चाल फिरत राहते. जोन्स यांच्या तारा लावायच्या स्वतःच्या वेगळ्या पद्धती होत्या, पण मोकळ्या तारांची गुंजन ठेवायची कल्पना तीच. पेटी असेल घरी तर चालीचे सूर शोधून बघा, बऱ्याच जुन्या इंग्रजी चाली काफी नाहीतर खमाज थाटाच्या स्वरांत बसतात. फक्त रागासारखा विस्तार शोधू नका, चाल तीच राहते आणि कडव्यामागून कडवं येत जातं.

आणि इथंच आपल्याकडचे बरेच जण सोडून देतात. भावगीतावर वाढलेल्या कानाला हा आवाज कोरडा वाटतो, ना मुरकी, ना हरकत, माणूस मेला तरी गाणारा त्याच सुरात पुढं. पण ती पद्धतच आहे हो. गाणारा गोष्ट सरळ सांगतो, रडणं ऐकणाऱ्यावर सोडतो, आणि कडव्यागणिक काय हलतंय ते गिटारमध्ये हलतंय. म्हणून दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून 'द ड्राउन्ड लव्हर्स' ऐका. विली रात्री क्लाइड नदी ओलांडून मार्गारेटकडं निघतो, आई नको म्हणते, तो ऐकत नाही म्हणून शाप देते. तो नदीला विनवतो की जाताना जाऊ दे, येताना बुडव पाहिजे तर. दारात पोचतो तर आतनं मुलीची आई तिच्याच आवाजात त्याला परत लावून देते, येताना नदी त्याला घेते, आणि मुलगी जागी होऊन त्याच्या मागं पाण्यात उतरते. दोन आया, एक नदी, आणि गाणारा एकदाही आवाज चढवत नाही. मला तर दर वेळी दारातल्या कडव्याला गलबलून येतं.

मग 'कॅनडी-आय-ओ' लावा. खलाशाच्या प्रेमात पडलेली मुलगी पुरुषी कपडे घालून जहाजावर चढते, हे कळल्यावर बाकीचे खलाशी चिडतात, सगळे मिळून तिला हातपाय बांधून समुद्रात टाकायला निघतात, कप्तान मधे पडतो आणि शेवटी तिचं लग्न कप्तानाशीच होतं. इथं सुरुवातीला गिटार एकटी चालू होते, ती चाल डोक्यात पक्की बसू द्या, मग आवाज आल्यावर दोन्ही वेगवेगळे धरता येतात.

ही जुनी गाणी आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी आहेत, कुणी रचली माहीत नाही, तोंडातोंडी आली. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १८८२ ते १८९८ मध्ये असली ३०५ कथागीतं छापली, क्लाइड नदीचं ते 'द ड्राउन्ड लव्हर्स' त्यात २१६ नंबरला आहे. तो नंबर टाकून शोधा, दुसऱ्यांनी गायलेलं तेच गाणं सापडेल, दोन्ही लागोपाठ ऐका, कुणी कुठलं कडवं गाळलं, गिटार कुठं बदलली हे बघण्यात संध्याकाळ जाते. अल्बममधलं सगळंच जुनं नाही बरं का, 'द हम्पबॅक व्हेल' हॅरी रॉबर्टसन यांचं आहे, तरी जुन्या गाण्यांत ते वेगळं पडत नाही. आणि मेलोडियन कानावर पडला तर तो टोनी हॉल यांचा, आपल्या पेटीसारखीच हवेनं पत्ती थरथरवून वाजणारा.

जोन्स १९८२ मध्ये कार्यक्रम करून घरी परतताना गाडीच्या भीषण अपघातात सापडले आणि तसं वादन त्यांना परत करता आलं नाही. म्हणून हा अल्बम घाईत उडवू नका, एका बैठकीला दोन-तीन गाणी पुरेत.

पुढं काय ऐकायचं, तर इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थी यांचा १९६५ चा पहिला अल्बम. अमेरिकन गायक पॉल सायमन यांनी 'स्कारबरो फेअर' हे गाणं ज्यांच्याकडून उचललं ते हेच. त्यानंतर शर्ली कॉलिन्स आणि डेव्ही ग्रॅहम यांचा १९६४ चा 'फोक रूट्स, न्यू रूट्स', तिथं गिटार जरा पूर्वेकडं झुकते, आपल्या कानाला ती जवळची वाटेल. लँकशायरच्या विणकरांची गाणी पण शोधा, हातमागाची मजुरी पडत गेली, घरात खायला नाही, असले विषय आहेत, सोलापुरात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. डिक गॉगन यांचा १९८१ चा 'हँडफुल ऑफ अर्थ' मात्र शेवटी ठेवा, गिटार जबरदस्त आहे पण स्कॉटिश उच्चार पहिल्या फटक्यात कळत नाहीत, तेव्हा शब्द काढून घेऊनच बसा.