खोली नंतर, आधी पंचवटी

राज्य नाट्य स्पर्धेत साईखेडकर नाट्यगृहात अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी मुंबईची बॅग भरायची, ही नाशिकच्या पोरांची जुनी खोड. मीही भरली होती. सहा वर्षं अंधेरीत काढून परत आलेय, म्हणून विचारायला येणाऱ्यांना पहिलं हेच सांगते: लगेच खोली घेऊ नका. पहिलं वर्ष पंचवटी एक्स्प्रेसने ये-जा करत काढा.

गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला असते. दादरला उतरा, पश्चिमेच्या लोकलने अंधेरी, मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षाने आरामनगर. बारापर्यंत तुम्ही ऑडिशनच्या रांगेत. परतीची पंचवटी संध्याकाळी सीएसएमटीहून, म्हणजे चारनंतर आरामनगरात रेंगाळायचं नाही. आणि पासवाल्यांच्या डब्यात चुकूनही बसू नका, तिथल्या काकांना तुमच्या करिअरशी काही घेणंदेणं नाही.

आरामनगर म्हणजे जुन्या बैठ्या घरांची वसाहत, त्यातच कास्टिंगची, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणारी ऑफिसं. दारात डोकावलं की बऱ्याचदा आतून नुसतं ‘नॉट फिट’ येतं. वय, उंची, चेहरा त्या भूमिकेत बसत नाही, एवढाच अर्थ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी समोरच्या टपरीवर रडले होते. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. दुसऱ्यांदा घेतले.

आत घेतलंच तर आधी इंट्रो: नाव, वय, उंची, गाव, मग डावा-उजवा प्रोफाइल, म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू. नाशिक सांगताना आवाज पाडू नका; गोरेगावच्या चित्रनगरीला ज्या फाळक्यांचं नाव आहे ते १८७० साली आपल्या त्र्यंबकलाच जन्मले. ‘उद्या शूटला याल का’ विचारलं तर ‘रात्रीच निघते’ म्हणायचं. कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज कॅमेऱ्यासमोर निम्म्यावर आणा. नाटकात नाचवायच्या भुवया तर घरीच ठेवून या.

नोंदणीचे किंवा पोर्टफोलिओचे पैसे मागणारा को-ऑर्डिनेटर, म्हणजे कामं मिळवून देणारा मध्यस्थ, भेटला तर उठून या. माझे आठ हजार असेच गेले.

हल्ली पहिली चाळणी बहुतेक सेल्फ टेपवरच होते, म्हणजे घरीच रेकॉर्ड करून पाठवलेल्या ऑडिशनवर; ती नाशिकमधूनच जाते. साधी भिंत, तोंड खिडकीकडे, पंखा बंद, मोबाइल आडवा आणि डोळ्यांच्या उंचीला. समोरच्याचे संवाद वाचणारा मोबाइलला अगदी लागून उभा हवा, म्हणजे तुमची नजर भरकटत नाही, आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू. माझी आई वाचायची. हातात लाटणं, तोंडाने ‘तू माझा विश्वासघात केलास’, आणि लगेच ‘पोळी करपतेय गं’. तो टेप तसाच पाठवला होता. काम नाही मिळालं, पण तिकडून हसण्याचा इमोजी आला.

काम लागलं की मगच खोली बघा. मालिकेचे पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतात, तेव्हा डिपॉझिट आणि दलाली सोडून तीन-चार महिन्यांचं भाडं हाताशी हवं.

राहिलं प्रेम. विचारतातच सगळे, विशेषतः पोरी. आम्ही रांगेतच भेटलो. त्याच्या टेपला मी वाचायचे, माझ्या टेपला तो. वर्षाने एकत्र राहिलो. घरमालकाला मावसभाऊ सांगितलं होतं, त्याने तोंडदेखला विश्वास ठेवला. मग या मावसभावाला मालिका मिळाली, शूटिंग साताऱ्याकडे. महिन्यातले पंचवीस दिवस तिकडे, फोन करावा तर शॉट लागलेला. भांडायलासुद्धा माणूस मोकळा लागतो! म्हणून जोडीदार याच लाइनमधला असेल तर एकच करा: भाडेकरारावर ज्याचं नाव, डिपॉझिट त्यानेच भरायचं. आमच्या करारावर नाव त्याचं होतं आणि डिपॉझिटमध्ये तीस हजार माझे. तुटल्यावर ते तीन हप्त्यांत आले. शेवटच्या हप्त्यासोबत मेसेज होता, ‘ट्रायपॉड तुझाच ना?’

हो म्हटलं. कुरिअरने आला. एक पाय जरा ढिला आहे, पण कॉलेज रोडच्या पोरी सेल्फ टेपला तोच घेऊन जातात.