हेवर्ड प्रस्तरभंग रेल्वेने पाहायला जाताना या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील हेवर्ड प्रस्तरभंग, म्हणजे जिथे जमिनीखालचे खडक तुटून एकमेकांलगत सरकतात ती रेषा, बार्ट ही तिथली स्थानिक रेल्वे आणि थोडी पायपीट एवढ्यावर पाहता येतो. तरीही अनेक जण निराश होऊन परततात, कारण ते जमिनीला पडलेली भेग शोधत असतात. या भंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात, आणि भूकंप नसतानाही अनेक ठिकाणी हे सरकणे वर्षाला सुमारे 5 मिलिमीटर या गतीने चालू असते. म्हणून माणसाने सरळ बांधलेली, पण जुनी रेषा शोधावी : फुटपाथची कड, कुंपण किंवा भिंत. 50 वर्षांच्या कडेत सुमारे 25 सेंटिमीटरचा बाक येऊ शकतो. 10 वर्षांच्या कडेतला 5 सेंटिमीटरचा बाक मात्र गवंड्याची चूक वाटून नजरेतून सुटतो.

जुन्या छायाचित्रांवर विसंबून जाणे ही दुसरी चूक होय. हेवर्ड शहरातील रोझ आणि प्रॉस्पेक्ट रस्त्यांच्या कोपऱ्यावरची प्रसिद्ध सरकलेली कड 2016 मध्ये दुरुस्तीच्या कामात नाहीशी झाली. त्याऐवजी हेवर्ड स्थानकावरून चालत मिशन बुलेव्हार्डवरील जुन्या नगरभवनापाशी जावे. भंगावरच उभी असलेली ही वास्तू वापरातून काढलेली असल्याने ती बाहेरूनच पाहावी.

सर्वांत जास्त फसगत होते ती दिसेल त्या तड्याला भंग समजल्याने. झाडांची मुळे, ओलीने फुगणारी चिकणमाती आणि बर्कलीच्या टेकड्यांवरची संथ दरडही फुटपाथ फोडतात. शंका आल्यास तड्याच्या एका बाजूला उभे राहून पलीकडे पाहावे : पलीकडची कड उजवीकडे सरकलेली दिसली पाहिजे, आणि बाजू बदलून पाहिले तरीही उजवीकडेच. शिवाय वायव्य-आग्नेय दिशेने पुढच्या रस्त्यावरही तसाच बाक सापडायला हवा. तो न सापडल्यास दोष बहुधा मुळांचा असतो.

बर्कलीचे 1923 मधील मेमोरियल स्टेडियम भंगावरच बांधलेले आहे. तेथे सामन्याच्या दिवशी जाऊ नये. बर्कली, हेवर्ड आणि फ्रीमाँट एकाच मार्गावर असले, तरी तिन्ही एका दिवसात उरकण्याच्या नादात निरखून पाहणेच राहून जाते. टेकड्यांपलीकडच्या ओरिंडा गावाकडे जाणारी बार्ट गाडी बोगद्यातून हा भंग ओलांडते खरी, पण खिडकीतून अंधाराखेरीज काहीही दिसत नाही.